नॅरोगेज

रात्री आठपासून माझं बोट
अकराशे ग्रॅमच्या एका तळपायापाशी.
ती श्वास घ्यायचं विसरते.
मशीन ओरडण्याआधीच मला कळतं,
ओठांभोवती जांभळाचा डाग उमटतो.
मग टिचकी. हळू. पुन्हा एक.
आठवलं तिला.

सकाळी घरी जात नाही,
टेंपोतून दौलतगंजला उतरते.
तिथे तांबवेकर. छोट्या गाडीचे गार्ड,
एकतीस वर्षं हिरवा कंदील हातात.
आता तो उजवा हात पांघरुणावर
कुणीतरी विसरून गेल्यासारखा पडून असतो
आणि सगळ्या बोलण्यातून एवढंच उरलंय:
असू दे.

तहान लागली, असू दे.
चादरीची घडी पाठीला रुतली, असू दे.
मुलगा बँकेत जाताना वाकला,
त्याच्या शर्टाचं बटण धरून, डोळे भरून, असू दे.
सून मुरैनाची. ओट्यापाशी मला थांबवून म्हणाली,
"सिस्टर, ये असू दे क्या होता है?"
रहने दो, मी म्हटलं.
म्हटलं खरं, पण ते तेवढंच नाही.
दूध उतू गेलं की माझी आई म्हणायची,
आणि नंतर ओटा पुसत बसायची बराच वेळ.

दर दोन तासांनी कूस बदलायची,
कॅलेंडरच्या पाठीवर लिहून दिलंय.
पाणी नुसतं द्यायचं नाही, पाणी फार घाईचं असतं.
राजगिऱ्याची दाट पेज. हनुवटी छातीकडे.
चमचा डाव्या गालात, आणि थांबायचं.
गळ्यातली ती गाठ वर जाऊन
खाली येईपर्यंत थांबायचं.
सुनेला हे थांबणंच जमत नाही. मलाही जमायचं नाही पूर्वी.

एका सकाळी चौथ्या चमच्याला तोंड मिटलं.
मी दमलेली, काहीतरी बोलायचं म्हणून बोलले,
रात्री कैलारसहून बाई आली हो,
गाडी बंद, जीपनं निघाली,
वाटेतच मोकळी झाली बिचारी.
त्यांनी डोळे उघडले.
"सेमई," म्हणाले.
मग दम खाऊन, "पिपलवाली चौकी.
सबलगढ."
तोंड वाकडं, नावं सरळ.
सुनेनं गॅस बंद केला.

तेव्हापासून एक चमचा, एक स्टेशन.
ग्वाल्हेरहून सुटायचं. घोसीपुरा. मोतीझील.
सिकरौदा गाळलं की ओठ मिटतात,
मागे जाऊन घ्यावं लागतं.
कैलारस येईतो वाटी रिकामी.
मुलाचं नाव त्या मार्गावर नाही.
तो रोज दाराशी उभा राहून ऐकतो,
एखाद्या दिवशी लागेल म्हणून.

थाराला एकदा ठसका लागला.
चेहरा काळानिळा, मी कुशीवर घेतलं,
तोंडात बोट घालून पेज काढली.
त्या दिवशी पुढे गेलोच नाही.
टेंपोत बसल्यावर माझे हात कापत होते,
शेजारच्यानं विचारलं, थंडी वाजतेय का?

कैलारसची बाई आता बाळाला
पोलक्यात छातीशी धरून बसते, उघड्या अंगाला अंग.
वाटीत पिळलेलं दोन मिली दूध,
शिंपल्याएवढ्या पळीनं.
कधीपर्यंत असं, ती विचारते.
मी वजनाचा कागद दाखवते, अकराशे चाळीस.
तिला वाचता येत नाही. मला सांगता येत नाही.
पहिला थेंब ओठावर ठेवताना
माझ्या तोंडून निघून गेलं, "घोसीपुरा."
बाईनं वर पाहिलं.
"मोतीझील," म्हणाली,
जशी तिकडची कुणीही म्हणेल.

गिळलं तिनं. इवलासा गळा हलला.
पुढे मिलावली की बामोर,
बाईला नक्की नाही, आणि इतक्यांदा म्हणून
तीन वाजता मलाही नाही.
सकाळी विचारते.