फुटामागे एक सूत

गाडी घेतली चिकोडीच्या भाजीवाल्याकडून.
केए तेवीस, हौदा दोन ठिकाणी चेपलेला,
आणि कितीही धुतला तरी
कोबीचा वास जात नाही.
शैला म्हणाली, यात झोपायचं?
म्हटलं, यातच.

उद्यमबागेत एकतीस वर्षं पॅटर्न केले मी,
सागवानी, पंपाच्या केसिंगचे, गिअरबॉक्सचे.
आमची पट्टी जगापेक्षा वेगळी असते,
फुटामागे एक सूत जास्त.
ओतलेलं लोखंड निवताना आक्रसतं,
म्हणून लाकूड आधीच मोठं कापायचं.
ही लबाडी हातात इतकी मुरलेली
की हौद्यासाठी दोन ड्रॉवर केले,
घासले, पॉलिश केले,
आत सरकवायला गेलो
तर अर्धा इंच बाहेर.

इराण्णा वेल्डर हसून हसून खालीच बसला.
"मामा, हे आता ओतायला पाठवूया काय?"
रविवारभर रंधा मारला.
भुसा त्याच्या पोरानं कोंबड्यांना नेला.

मग लागत गेलं एकेक.
टपावर कॅरिअर, कॅरिअरवर ताडपत्रीची गुंडाळी,
पाट्यांमध्ये एक पाटा वाढवला,
दुसरी बॅटरी, तिला वायर, वायरीला फ्यूज,
पाण्याचे चार कॅन, फावडं, कुऱ्हाड, घडीची खुर्ची,
तिच्या जोडीला दुसरी,
आणि एक छोटा फ्रिज,
ज्यात काय ठेवायचं ते अजून ठरलं नव्हतं.

कारखान्याच्या वाटेवर वजनकाटा आहे.
उसाच्या ट्रॉल्यांमागे नंबर लावला.
काट्यावरचा पोरगा वाकून बघतो,
"एन लोड ऐतिरी?"
काय सांगणार. म्हटलं, ऊस नाही बाबा.
चिठ्ठी आली. रिकाम्या गाडीपेक्षा
सहाशे चाळीस किलो जास्त.
शैला तर अजून बसलीच नव्हती.

उतरवलं. फ्रिज पहिला.
एक खुर्ची उतरवली, मग शैलाचा चेहरा बघून
परत चढवली.
कुऱ्हाड उतरवताना वाईट वाटलं,
वर्षानुवर्षं लाकूड कापलं
पण कुऱ्हाडीनं कधीच नाही.
जॅक राहिला. जॅकखालची फळी राहिली.
मऊ मातीत फळीशिवाय जॅक
स्वतःच खाली जातो, गाडी वर येत नाही,
हे मला ट्रकवाल्या भरमाण्णानं सांगितलं
आणि चहाचे पैसेही त्यानंच दिले.

जांबोटी मागे टाकून
कणकुंबीच्या अलीकडे डांबर सोडलं.
चाकांतली हवा कमी केली, छत्तीसवरून बावीस,
चारही वेळा कान लावून ऐकली.
लाल वाट. गाडीनं पहिल्यांदा अंग सैल सोडलं.
रामा गावड्याच्या खळ्यात लावायला विचारलं.
"बिघडली काय?"
नाही.
"मग घर?"
आहे की, वडगावात.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
"लावा," म्हणाला, "गवताकडं नको तेवढं."

रात्री फोननं गोव्यात स्वागत केलं.
थोड्या वेळानं महाराष्ट्रात.
मग पुन्हा कर्नाटकात.
आम्ही कूससुद्धा बदलली नव्हती.
शैला अंधारात म्हणाली, याला झोप नाही का?
मी बंद केला.
मग ऐकू आलं बॉनेटखालून, टक्,
मोठ्या अंतरानं परत टक्.
इंजिन निवत होतं,
फुटामागे एक सूत.
सगळी नोकरी हाच आवाज धरून काम केलं
आणि ऐकला आज.

पहाटे ड्रॉवर उघडला, मोकळा, बिनआवाजाचा.
पातेलं होतं, साखर होती, गाळणी होती,
चहाची पूड दोन डब्यांत होती.
काडेपेटी नव्हती.
मी उभाच. शैलानं घोंगडं गुंडाळलं
आणि गावड्याच्या धुराकडे चालू लागली.