परतीची तारीख

तीस वर्षं मी रोपवेचा डबा हाकला,
या डोंगरावरून त्या डोंगरावर.
चियातुरा कधी सोडलं नाही,
तरी मोजलं तर पृथ्वीला फेरी झाली असेल
असं मेराबी म्हणतो. तो काहीही म्हणतो.

आता नानुलीकडे जायचंय, थेस्सालोनिकीला.
ती तिथे परक्या म्हाताऱ्यांचं दुखणं-खुपणं काढते,
सोळा वर्षं झाली.

पासपोर्टच्या खिडकीतली मुलगी म्हणाली, हसू नका.
हसत कोण होतं?

बॅग भाजीच्या तराजूवर चढवली.
आलुबुखाराची चटणी बाहेर, अक्रोड आत,
पुन्हा चटणी आत, कोट बाहेर.
कोट अंगावर नेता येतो म्हणे,
दोन घातले तरी कुणी विचारत नाही.

मेराबीच्या मुलीने कागदावर लिहून दिलंय:
आधी पट्टा काढायचा, मग बूट.
विमानाचा ब्रेक कुणाच्या हातात असतो
ते मात्र लिहिलेलं नाही.
स्वतः दांड्याला हात लावल्याशिवाय
मी कधी हवेत गेले नाही.

विम्याच्या अर्जात एक चौकोन उरलाय.
माझ्या डब्यात हे कुणाला विचारावं लागलं नाही,
वर गेलेला संध्याकाळी खाली यायचाच.

नानुलीच्या अर्जावरही हा चौकोन होता.
तिने तो भरला होता,
निळ्या शाईने,
माझंच पेन घेऊन.