शेवटून पहिली

पहाटे पावणेपाचला काळीपिवळी
मोर्शीच्या बसस्टँडमागून निघते
तेव्हा आम्ही चौदा असतो.
हे मला पक्कं माहीत, कारण मोजायचं काम माझं.
नानोटी सर पुढे, मी मागे,
गळ्यात शिट्टी, पिशवीत सुतळी, इलेक्ट्रॉल, चिकटपट्टी,
आणि दिवसभर डोळ्यांपुढे चालणाऱ्यांच्या पाठी.

अकरा डोंगर झाले असे.
आता माणसं मला पाठीवरूनच कळतात.
लांजेवारची डावी टाच आत पडते.
फुटाणे वहिनी चढावर मनात पाढे म्हणतात,
सतराचा अडला की त्यांची मान हलते.
चरप्यांचा पोरगा दगड उचलतो, खिशात टाकतो
आणि दुसऱ्या चढाला खिसा हळूच रिकामा करतो,
कोणी पाहिलं नाही असं समजून.

सालबर्डी मागे पडली, संत्र्याच्या बागा संपल्या,
साग सुरू झाला.
जानेवारीत सागाच्या पानावर पाय पडला
की पापड मोडल्यासारखा आवाज जंगलभर जातो,
आणि चौदा माणसं म्हणजे पंगतच.
वाट दाखवणाऱ्या म्हाताऱ्या कासदेकरांनी
एकदाच वळून म्हटलं,
"अस्वल काही बहिरं नसते, बाप्पा."
त्यानंतर दीड तास
फुटाणे वहिनींचे पाढेसुद्धा थांबले असावेत.

गोहत्रे नवीन. वीज मंडळातून निवृत्त.
बूट कोरे, पण सात वर्षं खोक्यात ठेवलेले.
दुसऱ्या ओढ्यानंतर उजवा तळ सुटला
आणि पावलागणिक बोलू लागला,
फट्, फट्.
सुतळीनं बांधला. अर्ध्या तासात डावाही सुटला.
"काहून थांबता माह्यासाठी? जा ना तुम्ही."
मी म्हटलं, माझ्या मागं कोणी नसतंच,
मला कशाची घाई.

दोन लांब शिट्ट्या म्हणजे, तुम्ही व्हा पुढे.
वरून सरांची एक आखूड आली. ठीक.
मग पानांचा आवाज लांब लांब गेला
आणि जंगल आपल्या जागी परत आलं.

सालईखाली बसलो. खोडाला डिंकाचा वास.
गोहत्रेंनी संत्रा एका पट्टीत सोलला,
कुठंही न तोडता,
आणि साल न सांगता खिशात ठेवली.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"बूट तिनंच घेतले होते.
रिटायर झाले का फिरू म्हणे."
मी दोन फोडी घेतल्या. आंबट होत्या.
तसं सांगितलंही.
"मृगाचा बहार यायचाय अजून," ते म्हणाले,
आणि तेवढ्यावर तो विषय मिटला.

तेवढ्यात वरून ओरडणं.
कड्यावर, उन्हात, काडेपेटीतल्या काड्यांएवढे
सगळे रांगेत. हात हलवत.
सवयीनं मोजले. बारा, आणि कासदेकर.
अकरा डोंगरांत एकदाही
ते माझ्याकडे तोंड करून उभे राहिले नव्हते.
इतक्या खालून चेहरे काय दिसणार,
दिसले नाहीतच.
तरी मी चष्मा पुसला.

उतरताना आम्ही आधी निघालो.
सुटलेले दोन्ही तळ माझ्या पिशवीत,
गोहत्रे उरलेल्या बुटात अंगणात चालल्यासारखे.
आणि मी पुढे.
पुढे म्हणजे काय ते तेव्हा कळलं.
समोर पाठ नाही.
वाट सरळ डोळ्यांत घुसते,
प्रत्येक दगड विचारतो, इकडे की तिकडे,
कोळ्याचं जाळं पहिल्यांदा तोंडावर येतं
आणि ओढ्याच्या फाट्यावर दोन वाटा
दोन्ही खऱ्या दिसतात.
नानोटी सर वर्षभर हे एकटेच करत होते
आणि मी म्हणायचे, किती कडक बोलतात.

डावीकडची घेतली.
चार पावलं गेले न गेले
तोच मागचा आवाज थांबला.
मान वळवली, बोट वर गेलं.
एक.
गोहत्रे सागाचं एक मोठं पान
बुटाच्या आत घडी करून बसवत होते.
मान वर न करता म्हणाले,
"आहो ना मी इथंच. चाला तुम्ही."