उणे बारा

बाहेर उणे सत्तावीस. गाडीचं दार गोठलेलं,
खांद्यानं ढकलून उघडलं.
केमीच्या बंदरामागच्या गल्लीत युलितालोंचं घर, तळमजला.
तक्रार एका ओळीची: आवाज येत नाही.

"येतो," आतून हिल्का म्हणाली. "मला येतो."
"तिला येतो," तौनो म्हणाला
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जसं घरचे 'काही झालं नाही' म्हणत असताना
आजारी माणूस डॉक्टरकडे बघतो.

मी बूट दारात काढले.
पडद्यावर हॉकी. गर्दी भरपूर, काठ्यांचे ठोके, भोंगा,
आणि बोलणारा कुठेतरी लांब,
तोंडाला मफलर गुंडाळून बसल्यासारखा.
आकडा उणे वीस.
या यंत्रांचा आवाज शून्याच्या खालूनच मोजतात,
शून्य म्हणजे काचा थरथरतील इतका.
आमच्याकडे हे कुणाला समजवावं लागत नाही.
उणे दहाला आम्ही 'आज बरं आहे' म्हणतो.

आधी आडात डोकावलो: टीव्हीचा आवाज पूर्ण, डबीचा पूर्ण.
मग पोहरा.
तारा ओढून पाहिल्या, लाल लालमध्ये, काळी काळीत,
डाव्या बाजूला तांब्याचा एक केस
शेजारणीकडे वाकलेला, तो कापला.
'रात्रीचा आवाज' चालू होता, बंद केला.
तौनो प्रत्येक वेळी म्हणायचा, "हे मी केलंय,"
आणि खरंच केलेलं असायचं.
(तो केस सोडून.)

शेवटी गुडघे टेकून मधल्या स्पीकरला कान लावला.
बोलणारा होता आत. जिवंत. कुजबुजत.
मागचे दोन मात्र खणखणीत,
कानामागून आले आणि तिखट झाले.

मेनूत खोल उतरलो तेव्हा सापडलं.
मधला: उणे बारा.
अंतर: तीस सेंटिमीटर.

"तीस सेंटिमीटरवर कोण बसतं इथे?"

फ्रिज चालू झाला, बंद झाला.
हिल्कानं हनुवटीनं दाखवलं:
स्पीकरपुढे लाकडी स्टूल, त्यावर करड्या रंगाचं मांजर.

तीन वर्षांपूर्वी हे सगळं तिच्या भावानं जोडलं, वेइक्कोनं.
मोजणीचा इवलासा माइक त्यानं स्टुलावर ठेवला,
कारण हिल्का तिथेच बसायची,
गुडघे खोक्याला टेकवून, डोकं तिरकं.
यंत्र हलक्या कानाचं. जे सांगितलं ते मानलं:
या घरात ऐकणारा एकच,
आणि तो इतका जवळ
की ओरडायची गरज नाही.

"तेव्हा आकडा उणे पाचवर असायचा," तौनो म्हणाला. "शेजारी भिंत ठोकायचे."
गेल्या शरदात हिल्काला दवाखान्यातून कानात घालायची दोन यंत्रं मिळाली.
ती सोफ्यावर आली, आकडा खाली आणला.
स्टूल मांजराकडे गेलं.
रिसीव्हरला कुणी कळवलं नाही.

माइक तिकाटण्यावर चढवून सोफ्यापाशी लावला, दोघांच्या मध्ये.
पडद्यानं शांत राहायला सांगितलं.
आम्ही तिघं शांत राहिलो. हिल्कानं मांजराचं तोंडसुद्धा धरलं.
एकेका कोपऱ्यातून आवाज उठला,
जाड, मग बारीक, मग अजून बारीक,
पक्षी सुईच्या भोकातून गेल्यासारखा.
"झालं का?" तौनोनं विचारलं.
झालं नव्हतं.
उजव्या कोपऱ्यात अजून वाजत होतं.
हिल्कानं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
मी मेनू वाचत राहिलो.

मोजणी पुन्हा करावी लागली.
मधला आता अधिक दीड. अंतर तीन मीटर दहा.
बोलणाऱ्यानं मफलर काढला, गोल झाला,
तौनो हसला, मोठ्यानं, जरा जास्तच मोठ्यानं.

पासष्ट युरोंची पावती लिहीत होतो.
हिल्का उठली, मांजराला खाली ठेवलं,
आणि स्टूल पायानं सरकवलं
भिंतीकडे नाही,
स्पीकरकडे, थोडंसं.
कुणासाठी ते मी विचारलं नाही.

गाडीचं दार पुन्हा गोठलं होतं.