शेवटची सोळा पानं

वेंगुर्ल्यात बंदराच्या रस्त्याला माझं दुकान.
रद्दी, पत्रा, बाटल्या, गंजलेले नांगर.
इंग्रजी पुस्तकाला मराठीचाच भाव, बारा रुपये किलो.
पुठ्ठा सोलून घेतो. काट्याला भाषा कळत नाही.

ती पहिल्यांदा आली ती गुडघाभर चिखलानिशी.
मांडवीच्या खाडीत नळ्या रोवते,
गाळ भरून बाटल्यांवर तारखा टाकते.
कशाला, ते मी विचारलं नाही.
म्हणाली, 'पुस्तक. इंग्लिश.'
बारावीची गाइडं दाखवली. नको.
बँकेच्या परीक्षेचं जाडजूड. नको.
शेवटी शिलाई मशीनचं माहितीपत्रक हाताशी लागलं,
ते मात्र उभ्यानं वाचत राहिली,
सुई कशी ओवायची इथपासून
तेल कुठे घालायचं इथपर्यंत.

मग उभादांड्याचा पास्कू लोबो वारला,
पोरींनी बोटीवरची ट्रंक माझ्याकडे टाकली.
चौतीस वर्षं तेलवाहू जहाजांवर फिटर,
दर बंदरात एक पुस्तक घेतलेलं.
कसर, मिठाचे डाग, एकात चपटं झुरळ,
एकात खुणेला घातलेली मनीऑर्डरची पावती.
मी निरोप धाडला.
एकोणीस नग, सात किलो दोनशे.
पोरासारखं एकेक कडेवर घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी परत. एक पुस्तक पुढे केलं.
तीनशे चारपाशी तुटलेलं.
मी काय बोलणार?
ट्रंक आली त्याच सकाळी चंद्रभागा कुबल
जवळा बांधायला कागद मागत होती,
आणि मी कागद चांगला आहे का बघायला
हाताला आलं ते ओरबाडून दिलं होतं.

मला इंग्रजी येत नाही. आकडे येतात.
तीनशे पाच ते तीनशे वीस, एवढं चिठ्ठीवर लिहून
मी आठवडाभर लोकांच्या स्वयंपाकघरांत डोकावलो.
'काय हरवला रे तुझा?'
'पान.'
'खायचा?'
एक बेकरीत सापडलं, बरणीच्या झाकणाखाली.
एकाची होडी करून पोरानं व्हाळात सोडली होती,
ती तेरड्याला अडकलेली.
आणि तीनशे एकोणीस-वीस, शेवटचंच,
चंद्रभागेच्याच टोपलीच्या तळाला:
तेलानं आरपार झालेलं,
पुढची ओळ मागच्या ओळीत शिरलेली.

तिनं ते ट्यूबलाइटसमोर धरलं.
बराच वेळ.
हसली, की नाक ओढलं? बांगड्याचा वासही होताच म्हणा.
शेवट काय झाला ते सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

म्हटलं, 'आपल्या भाषेत वाचलं की घरच्यासारखं वाटत असेल.'
तर मान हलवली.
'ही माझी नाय.'
दोन वर्षांत आमचं 'नाय' तेवढं पक्कं बसलंय.
तिची भाषा लिथुएनियाची. तिच्यातलं पुस्तक
तिला या अख्ख्या किनाऱ्यावर मिळणार नाही, हे ठाऊक होतं,
म्हणून मागितलंच नव्हतं.
इंग्रजी म्हणजे शेजारणीकडचं जेवण.
मीठ आपल्या हातचं नसतं,
पण उपाशी निजायला नको.
नाव विचारलं. 'रासा.'
मी म्हटलं, 'रसो? तो आमच्याकडे माशांचा.'
म्हणाली, आमच्याकडे पहाटे गवतावर पडतो.
दव.
मग आम्ही दोघं गप्प,
आणि काट्याची पारडी उगाच हलत राहिली.

आता इंग्रजी मी फाडत नाही.
वरच्या फळीवर ठेवतो, पुठ्ठ्यासकट. तोटा होतो.
पुड्यांना मराठीच देतो,
जुने दिवाळी अंक, मासिकं.
काल चंद्रभागा टोपली आपटून उभी,
वाटलं, कागद पातळ निघाला.
'रे मेल्या, त्या बाईन पत्र उघडल्यान,
आणि पुढला पान खंय?'