उरेब

बायकोच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी, मंगळवारपर्यंत.
दुसरा आधीच धुरकट.
डॉक्टर म्हणाले, वाकायचं नाही, शिंकायचं नाही,
सुई तर हातातही धरायची नाही.
म्हणून चांदणी माझ्या गळ्यात पडली.

चाळीस वर्षं पारोळ्याच्या बाजारपेठेत
मी शाळेचे गणवेश शिवले.
मे संपत आला की खाकीचे तागे, पांढऱ्याचे तागे,
पोरांच्या कमरा, पोरांच्या बाह्या,
आणि आत दोन इंच माया जास्तीची,
कारण पोर वाढतं.
सरळ शिवण. काज. बटण.
मशीनखाली पडायच्या त्या चिंध्या.
संध्याकाळी ती पिशवी घेऊन यायची,
मी मान वर न करता म्हणायचो,
ने, कचरा आहे.

आता तोच कचरा माझ्या मांडीवर.
बाहेर पंचेचाळीस डिग्री, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही,
आणि आम्ही वाकळ शिवतोय.
नातीचं बाळंतपण आहे नंदुरबारला,
पोळ्याच्या पुढेमागे.

साचा तिचाच, लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा,
पतंगासारखा तिरका कापलेला.
त्यावर अजून वाचता येतं, चि. सौ. कां. यमु—
पुढचं कात्रीने नेलं.
कोण यमुना, दोघांनाही आठवेना.

पाकळ्या आठ.
दोन निळ्या, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या.
तीन खाकी, खरखरीत.
एक बँडवाल्या हिरामणच्या तुमानीची, लाल,
जरीची पट्टी उसवल्याची रेघ अजून तिच्यावर.
एक पांढरी होती कधीतरी,
कानबाईच्या रोटांच्या दिवशी तिच्यावर हळद सांडली.
एक बारीक फुलांची.
ही कोणाची, मी विचारलं.
माझ्या पोलक्याची, ती म्हणाली,
तुम्ही कधी नीट पाहिलंच नाही.

सात बसल्या.
आठवी बसेना.
टेप दोनदा लावला, मापात सुताचाही फरक नाही,
तरी चांदणी मधोमध टोपीसारखी फुगली
आणि जिथे आठ टोकं एकत्र यायची
तिथे करंगळी जाईल एवढं भोक.

तिने हात पुढे केला.
बोटं कडेकडेने फिरवली,
खाकीवर थांबली, लालवर थांबली,
आपल्या पोलक्यावरून पटकन पुढे गेली.
"तुम्हीन ताणं," ती म्हणाली.
"उरेब कापडले जोर लावो नही. ते रुसस."

उरेब मला शिकवतेस?
कॉलर कापताना जन्म गेला माझा.
हे मनात.
तोंडाने म्हणालो, उसवतो.

उसवल्या. दोनदा.
हलक्या हाताने पुन्हा जोडल्या.
फुगवटा बसला, भोक राहिलंच.
मग मी डबीतून शर्टाचं बटण काढलं,
चार भोकांचं, शिंपल्याचं, चांगलं ठेवणीतलं,
आणि मधोमध टाकलं. झाली चांदणी.

तिचा अंगठा बटणावर आला.
"नको. पोऱ्या तोंडमा टाकी."

काढलं.

काही वेळ दोघं गप्प.
पंखा टकटक करत फिरत होता, मग वीज गेली, तोही गप्प.
ती म्हणाली, "भाकर शे का टोपलीमा?"
तुला भूक लागली?
"मले नही. तिले."

मी ऐकून होतो, बायका असं करतात,
वाकळ उपाशी ठेवत नाहीत.
पण कुठे घालतात, कधी घालतात,
चाळीस वर्षांत विचारलं नव्हतं.
सकाळची कळण्याची होती, कडक झालेली.
नखाएवढा तुकडा मोडला,
हळदीचं बोट लावलं, कुंकवाचं लावलं,
आणि त्या भोकात, जे माझ्या मते चूक होतं,
अलगद बसवला.
खालून अस्तर, वरून फुलांचा एक चौकोन,
तिच्याच पोलक्याचा, पिशवीत शेवटचा उरलेला.

माया किती सोडू, मी विचारलं.

ती हसली.
हसायला डॉक्टरांची बंदी नव्हती.

टाके घालता घालता ऊन उंबऱ्यावरून सरकलं.
शेवटची गाठ मारली आणि कात्री सापडेना.
घोंगडीखाली बघितलं, डबीत बघितलं.
दोरा तोडायला माझ्या तोंडात दात नाहीत.
तिला वाकायचं नाही.
म्हणून मी चांदणीच उचलून
तिच्या ओठांपाशी धरली.