दाराजवळचा दगड

इथल्या डोंगरातल्या फरश्या दगडी, उताराच्या.
खोलीच्या एका कोपऱ्यात माणूस दीड किलोने हलकं होतं,
म्हणून फेलिझबेलाला मी दरवेळी
दाराजवळच्या त्याच दगडावर उभं करते,
काट्याखाली पुठ्ठ्याची घडी सारते
आणि म्हणते, भिंतीला धरू नका.

एक्केचाळीस किलो सहाशे.
मागच्या महिन्यात त्रेचाळीसला टेकली होती.
"थंडीचे कपडे उतरवले ना," ती म्हणते.
अंगावर तीच लोकर, तोच काळा एप्रन,
खिशात चेस्टनट सोलायची सुरी.

व्हॅनमध्ये सतरा डबे असतात.
कोबीच्या पानांचं सूप, बटाटा, बुधवारी खारवलेला मासा.
डब्यावर नाव, नावाखाली आजार:
साखर, दाब, मूत्रपिंड, कवळी नाही.
सूप गरम पोचवायचं म्हणजे
वळणांवर ब्रेक जपून मारायचा,
हे आहारशास्त्राच्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

आदेरीतू आता खालच्या वृद्धाश्रमात आहे.
साडेसातला दूध, साडेअकराला सूप,
चारला बिस्किट, सहाला पुन्हा सूप.
गाजर केशरी, मटार हिरवे, मासा पांढरा,
तिन्ही एकाच मऊपणाचे.
चमचा तोंडापाशी आला की तो विचारतो,
"आज हा कोण?"
त्याचं वजन तीन किलोनं वाढलंय.
पोटरीवरची जखम भरून आली.
हे लिहायलाच हवं, कारण स्वतःच्या घराबद्दल बोलताना
आम्ही सगळेच थोडं खोटं बोलतो:
स्वतःच्या घरात तो दोन वर्षं
पावाचा गाभा वाइनमध्ये बुडवून जगला,
आणि कडक कडा उंबऱ्यावर ठेवत गेला
कोंबड्यांसाठी, ज्या केव्हाच संपल्या होत्या.

फेलिझबेलाचा डबा मात्र रोज धुतलेला परत येतो.
चाटूनपुसून. झाकणालाही साबणाचा वास.
मग हे किलो जातात कुठे?
दंडाभोवती फीत गुंडाळली, हिरड्या पाहिल्या,
गोळ्या मोजल्या, डॉक्टरला फोन केला.

उत्तर गुरुवारी मिळालं. चष्मा विसरले म्हणून मागे वळले
तर ती बागेच्या भिंतीपाशी उभी,
आणि भिंतीपलीकडून झुल्मीरू आपला वाडगा पुढे करत होता.
झुल्मीरू यादीत नाही.
फॉर्मवर सही मागितली तेव्हा म्हणाला होता,
तरुणपणी रात्री सीमा ओलांडून पाठीवर कॉफी वाहिली,
आता सरकारचं सूप पिऊ?
पण शेजारणीचं सूप सरकारचं नसतं.
ती निम्मं त्याच्या वाडग्यात ओतते,
मग दोघं भिंतीच्या दोन बाजूंना बसून
एकमेकांना न दिसता जेवतात
आणि मोठ्यानं भांडतात, मीठ कमी की जास्त.

मला पाहून ती म्हणाली, "एकटीच्या घशाखाली उतरत नाही गं."
मी काही बोलले नाही. वहीत लिहिलं, एक्केचाळीस सहाशे.
सोमवारपासून व्हॅनमध्ये अठरा डबे आहेत.
अठराव्यावर नाव नाही, आजार नाही.
स्वयंपाकघरातल्या बाईंनी विचारलं नाही,
फक्त पळी जरा खोल बुडवली.

आणि माझी आई पोर्तोला, भावाकडे, सातव्या मजल्यावर.
तिचं वजन मी कधी केलं नाही.
फ्रीजमध्ये वाराप्रमाणे डबे, वहिनीच्या सुबक अक्षरात.
मायक्रोवेव्हची तिला भीती वाटते, म्हणून ती दही खाते,
मंगळवारचं बेसिनमध्ये ओतून देते
आणि डबा विसळून पालथा घालते.
हे मला भाचीनं सांगितलं, गंमत म्हणून.

रोज संध्याकाळी मी विचारायचे, "जेवलीस?"
ती म्हणायची, "जेवले."
दोघींचं समाधान.
काल विचारलं, "कुणाबरोबर?"
फोनमध्ये बराच वेळ टीव्हीचा आवाज येत राहिला.
मग म्हणाली, "बातम्या देते ना, ती बाई असते समोर.
बोलते छान.
पण तिला कितीदा विचारलं,
काही घेत नाही."